दुखण्याचे नाव न घेणारी गाणी

खान्देशातल्या साथींवर काही लिहावे म्हणून गेली सात-आठ वर्षे मी कागद गोळा करतो आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिण्यात नोकरी गेली आणि सुटीचे दिवस धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयात गेले. हिशेबनिसाला तक्ते वाचायची सवय असते, त्यामुळे साथींचे सरकारी तक्ते मला कंटाळवाणे वाटले नाहीत. गावाचे किंवा तालुक्याचे नाव, आठवडा, लागण किती, मृत्यू किती. बेरीज तपासली की रकाना बंद. पण कुणाच्या घरात काय झाले, पाणी कुणी पाजले, दार कुणी लावून घेतले, हे त्या तक्त्यांना विचारून उपयोग नसतो. ते विचारायचे असेल तर गाण्यांकडे जावे लागते, असे मला फार उशिरा कळले, आणि उशीर झाल्याची किंमतही मोजावी लागली. त्याविषयी शेवटी.

प्लेगची गोष्ट आपल्याकडे मुंबईपासून सुरू होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोगांचा कायदा आला, पुण्यात सोजिरांकडून घरझडत्या झाल्या, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. हे सारे शाळेच्या पुस्तकात आहे. खान्देशापर्यंत हे पुस्तक सहसा येत नाही. रोग मात्र रेल्वेच्या आणि धान्याच्या वाटेने आत आत सरकत राहिला, आणि आपला मुलूख तर या दोन्ही वाटांवर बसलेला. भुसावळ हे मोठे जंक्शन, जळगाव ही कापसाची पेठ, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्तीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा लोहमार्गही तयार झालेला. त्यातच १८९९-१९०० चा दुष्काळ. संवत १९५६ चा म्हणून शेजारच्या गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात. पोटात अन्न नसलेल्या माणसांवर रोग आला. हिंदुस्थानात प्लेगने पुढच्या पंचवीस वर्षांत सुमारे एक कोटी माणसे नेली. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, म्हणजे पुढचे जळगाव आणि धुळे जिल्हे. त्यामुळे आकडेही दोन वह्यांत विभागले गेले. माझ्यासारख्याची त्याने बरीच दमछाक केली.

आता याच वर्षांत जळगावातल्या एका घरात काय चालले होते ते पाहू. असोद्याच्या महाजनांची लेक बहिणा १८८० साली जन्मली. तेराव्या वर्षी, १८९३ मध्ये, जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींशी तिचे लग्न झाले. मुंबईत प्लेग आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ओंकार, सोपान आणि काशी ही तिची मुले. थोरल्या ओंकाराला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले असे बहिणाबाईंचे चरित्र सांगणारे नोंदवतात. आणि बहिणाबाई तिशीच्या असताना नथुजी गेले. सोपान, म्हणजे पुढचे कवी सोपानदेव, १९०७ चा जन्म. तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा असणार. तक्त्याच्या भाषेत सांगायचे तर एका घरात दोन नोंदी.

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या घरोटावर, शेतात, चुलीपुढे गात. (घरोट म्हणजे जाते, पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो.) सोपानदेव आणि त्यांचे भाऊबंद पितांबर चौधरी यांनी त्यातले जेवढे सापडले तेवढे उतरवून घेतले. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांपुढे आली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. हा सगळा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र अजूनही चुकीची छापली जाते म्हणून लिहितो: बहिणाबाईंची बोली अहिराणी नव्हे. ती लेवा गणबोली, जळगाव-भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यातली. अहिराणी धुळ्याकडची, आणि जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडची. दोन्ही बोलींना एकमेकींचे कळते, पण म्हणून त्या एक होत नाहीत. व्यासपीठावरून हे अनेकदा सांगून झाले आहे, अजून सांगावे लागते.

नथुजींच्या मृत्यूवरचे ‘लपे करमाची रेखा’ हे गाणे मी आधी कवितेसारखेच वाचत होतो. साथींचे काम हाती घेतल्यावर ते साक्षीच्या कागदासारखे वाचून पाहिले. काय सापडते? कपाळावरचे कुंकू पुसल्यावर त्याखालची दैवाची रेघ उघडी पडली, असे बाई म्हणतात. बांगड्या गेल्या तरी मनगटातला जोर शाबूत आहे, असेही म्हणतात. ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतात: माझे दैव मला कळते, तू हात बघू नकोस. आणि मागणे एकच, दोन्ही लेकरे सुखी राहोत. कष्टाने भेगा पडलेला तळहात त्यात आहे, पंचांग आहे, झाड आणि सावली आहे. नवरा कशाने गेला ते नाही. ताप आला होता का, किती दिवस अंथरुणावर होता, वैद्य आला होता का, एक अक्षर नाही. त्या दोन लेकरांतल्या एकाला रोगाने आयुष्यभराचे अधू केले असेल, तर तेही गाण्यात आलेले नाही. सुखी राहोत, एवढेच.

हे मौन फक्त त्यांच्याच गाण्यात आहे का, हे पाहण्यासाठी मी इतर बायकांच्या ओव्यांकडे गेलो. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह एक लाखाहून मोठा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या त्या त्याच्याही आधी. शिवाय पारोळा, एरंडोल, साक्री या तालुक्यांत नातेवाइकांच्या ओळखीने मी स्वतः म्हाताऱ्या बायकांसमोर वही घेऊन बसलो. दुखण्याच्या ओव्या भरपूर आहेत. पण दुखण्याचे नाव क्वचित. बोलण्यातही तसेच. देवीच्या रोगाला ‘माय आली’ म्हणायचे. प्लेग म्हणजे ‘गाठीचा ताप’, तोही आवाज खाली करून. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला ‘मानमोडी’ हे नाव पडले, ते त्यातल्या त्यात रोखठोक. पटकीला नुसती ‘साथ’. आणि आज कॅन्सरला ‘तसले दुखणे’ म्हणतात, सुशिक्षित घरांतही.

याचा अर्थ मी बरीच वर्षे एकच लावत होतो: भीती. नाव घेतले की ते येते, म्हणून घ्यायचे नाही. मरीमायचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडण्यामागे हीच समजूत. ती होतीच. पण सगळे त्यात बसत नव्हते, आणि ते लक्षात यायला एक अगदीच परका माणूस कारण झाला.

भुसावळला रेल्वेच्या जुन्या वसाहतीत राहिलेल्या एका निवृत्त गृहस्थांकडे तबकड्यांचा साठा होता. भुसावळात एके काळी पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबे होती आणि ती जाताना सामान विकून गेली. त्यातून हा साठा झालेला. त्यांनी मला जिमी रॉजर्सची तबकडी ऐकवली. शब्द निम्मे कळले नाहीत, मग त्यांनी सांगितले आणि पुढे मी वाचून घेतले. हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियनचा माणूस, जन्म १८९७, म्हणजे आपल्याकडच्या प्लेगच्या वर्षीचा. बाप रेल्वेत, हाही रेल्वेत ब्रेक्समन. १९२४ मध्ये क्षय निघाला आणि अंगमेहनतीची नोकरी अवघड झाली, म्हणून गाण्यावर पोट आले. ऑगस्ट १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीसाठी त्याच्या पहिल्या तबकड्या झाल्या. तिकडे गावाकडच्या गाण्यांचा जो मोठा धंदा पुढे उभा राहिला, ज्याला ते कंट्री संगीत म्हणतात, त्याची सुरुवात तिथून धरतात. पैसा आला तेव्हा त्याने टेक्सासात केरव्हिल येथे कोरड्या हवेसाठी घर बांधले, जसे आपल्याकडचे ऐपतदार लोक हवा पालटायला देवळालीला जात. आणि १९३१ च्या जानेवारीत त्याने जे गाणे ध्वनिमुद्रित केले त्याचे नावच ‘टी. बी. ब्लूज’. आपण झुंजतो आहोत पण हरणार असे दिसते, हे तो त्यात चक्क सांगतो. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटच्या मुद्रणाच्या वेळी दोन गाण्यांच्या मध्ये त्याला खाटेवर पडून राहावे लागत होते. २६ मे रोजी तो गेला, वय पस्तीस. क्षयावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला अजून दहा वर्षे होती.

बहिणाबाईंपुढे कुणी ध्वनिमुद्रणाचा कर्णा धरला नाही. वास्तविक हिंदुस्थानात तबकड्या १९०२ पासून निघत होत्या. पण कंपन्यांना गवई, नाटकवाले आणि तवायफा हव्या होत्या. घरोटावरची बाई कोण विकत घेणार?

आणि इथेच मला माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. रॉजर्सला रोगाचे नाव घ्यावे लागले, कारण तो अनोळखी माणसांसाठी गात होता. तबकडी विकत घेणाऱ्याला त्याच्या घरात काय चालले आहे ते माहीत नव्हते. गाण्याने ते सांगणे भाग होते. जात्यावरची ओवी ऐकणारे कोण? समोर बसलेली जाऊ, भिंतीपलीकडची सासू, ओसरीवर जागा झालेला दीर. आतल्या खोलीत कोण पडले आहे, कितवा दिवस आहे, हे त्या सगळ्यांना ठाऊक असते. जे सगळ्यांना ठाऊक ते गाण्यात कशाला? गाण्यात ते येते जे बोलून दाखवता येत नाही: मला माझ्या माणसाची गरज आहे, आणि ते अजून आलेले नाही.

म्हणूनच दुखण्याच्या ओव्यांतला मुख्य माणूस वैद्य नसतो, नवराही नसतो. भाऊ असतो. सासरी पडलेली बहीण निरोप पाठवते आणि भाऊ निघतो, किंवा निघत नाही. आई आली तर उशाशी बसते, पाय चेपते. भावजय काय म्हणाली याच्या ओव्या वेगळ्या आणि तिखट. एका अर्थी ही सगळी सासरवर केलेली फिर्याद आहे: इथे माझे पाहणारे कुणी नाही. दिवसा तोंडाने बोलली तर भांडण झाले असते. पहाटे गायली तर ओवी झाली. साथीच्या काळात या निरोपांना वेगळीच धार येते, कारण गावबंदी झाली, माणसे शेतात झोपड्या घालून राहू लागली की भाऊ इच्छा असूनही पोहोचत नाही. पण ओवीत तसे सांगितलेले नसते. ती फक्त वाट पाहते.

अशा ओवीचा काळ कसा ठरवायचा? माझी एक साधी रीत आहे, तज्ज्ञांना ती भाबडी वाटेल. भाऊ कशातून येतो ते पाहायचे. घोड्यावरून, दमणीतून, आगगाडीने की एस.टी.ने. एस.टी. पहिल्यांदा १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, तेव्हा एस.टी.ची ओवी त्याच्या आधीची असू शकत नाही. उलटे मात्र खरे नाही. दमणीची ओवी एस.टी.च्या काळातही गातातच, आजीकडून आलेली म्हणून. त्यामुळे ही रीत ओवीचे कमीत कमी वय सांगत नाही, फक्त नव्या ओव्या वेगळ्या काढायला मदत करते.

आईच्या दुखण्याबद्दल मराठीत सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तकही खान्देशच्या मास्तराने लिहिले, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. साने गुरुजी कोकणातले, पालगडचे, पण १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, आणि वसतिगृहातल्या आजारी पोरांच्या उशाशी बसण्याची त्यांची ख्याती तिथलीच. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या चार-पाच दिवसांत लिहिली. तिच्या अखेरच्या दुखण्यात श्याम जवळ नाही, दूर शिकतो आहे. ओवीत वाट पाहणारी बाई बोलते. इथे न पोहोचलेला माणूस बोलतो. मला ही दोन्ही बाजूंची एकच गोष्ट वाटते. अत्र्यांनी १९५२ मध्ये बहिणाबाईंना छापले आणि १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली, हा योगायोग की त्यांच्या कानाला हा सूर नेमका ऐकू येत होता, याचा निवाडा अत्र्यांच्या अभ्यासकांनी करावा.

गाठीच्या तापाच्या आठवणी संपल्या असे मी समजत होतो, तोच सप्टेंबर १९९४ आला. सुरतेत प्लेग. सुरतेच्या कापडगिरण्यांत आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत खान्देशची माणसे किती, हे नंदुरबार-अमळनेरकडच्या कुणालाही विचारावे. लाखो लोक सुरत सोडून निघाले आणि ताप्ती लाइनच्या गाड्या भरभरून आपल्याकडे आल्या. मी तेव्हा ऐन विशीत होतो. स्टेशनावर तोंडाला रुमाल बांधलेली माणसे उतरताना पाहिली. टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांतून संपल्या होत्या. आमचा एक आतेभाऊ बायकोमुलांसह रात्री आला. घरातल्या तरुणांत कुजबुज सुरू झाली, घ्यायचे की नाही. माझ्या आजीने, जिचे अक्षराशी वैर होते, कुणाला विचारले नाही. त्यांना मळ्यातल्या झोपडीत उतरवले, दहा दिवस तिथेच ठेवले, भाकरी बांधावर नेऊन ठेवायची आणि दुरून हाक मारायची. हे तिला कुणी शिकवले, असे मी नंतर विचारले. ‘मायनं,’ एवढेच म्हणाली. रोगाचे नाव विचारले तर, ‘त्याचं नाव नको काढू.’ कुणाला काही झाले नाही. आजीच्या आईच्या काळातले विलगीकरण पुस्तकात न येता तिच्यापर्यंत पोहोचले होते.

आजी पुढच्या दोन वर्षांत गेली. तेव्हा कुठे मी जागा झालो आणि १९९८ च्या दिवाळीत आईला जात्यापुढे बसवून नव्वद मिनिटांची कॅसेट भरली. जाते बंद पडून वीस वर्षे झाली होती, पण हात फिरायला लागल्याबरोबर ओव्या आल्या. तिला हसू येत होते, मध्येच ‘बस झालं रे’ म्हणत होती. पुढे एका व्याख्यानमालेला जाताना कोरी कॅसेट सापडेना, म्हणून हीच घेऊन गेलो आणि तिच्यावर राजवाड्यांच्या साधनसंग्रहावरचे व्याख्यान भरून आणले. वरचा कागद बघितला नाही. माझीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

२००३ मध्ये आईला तसले दुखणे निघाले. नाव मीही लिहीत नाही, सवय लागली. शेवटच्या महिन्यात पहाटे ती पुटपुटायची. मला वाटायचे कण्हते आहे. जवळ कान नेला तेव्हा कळले की ओवी आहे, भावाला निरोप धाडणारी. मामाला जाऊन दोन वर्षे झाली होती आणि ते तिला पक्के ठाऊक होते. दिवसा ती त्याच्याबद्दल नीट बोलायची. मी कागद-पेन घेऊन बसलो नाही. तेव्हा ते सुचले नाही, आणि सुचले असते तरी हात उचलला असता की नाही, सांगता येत नाही.

ती कॅसेट मी गेल्या वर्षी पुन्हा लावली, फेकण्याआधी एकदा म्हणून. व्याख्यान संपते, टाळ्या होतात, थोडा खरखराट, आणि मग दुसऱ्या बाजूच्या शेवटी आईचा आवाज. व्याख्यान कॅसेटपेक्षा लहान होते. साधारण चार मिनिटे उरली आहेत. त्यात पाच ओव्या. दोन पंढरीच्या, एक माझ्या थोरल्या बहिणीच्या नावाची, आणि दोन दुखण्यातल्या, भावाच्या. पहिलीत भाऊ कशातून येतो तो शब्द जात्याच्या घरघरीत बुडाला आहे. मी ती जागा तीसचाळीस वेळा ऐकली. धाकट्या मावशीला ऐकवली. ती ऐकता ऐकता डोळ्याला पदर लावून बसली, मग म्हणाली, दमणी आहे, आमच्या आजीची ओवी ती. मला दोन अक्षरे ऐकू येतात, तीन नाही. तो शब्द गाडी असेल तर माझ्या रीतीने काहीच ठरत नाही. वहीत मी त्या जागी टिंबे दिली आहेत आणि कडेला मावशीचे म्हणणे लिहून ठेवले आहे.